रात्रीची हाक: घर, बिऱ्हाड आणि उघड्यावरचे मूल

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहिली की दोहोंतला भेद उघड होतो. घर बांधतात, घर पडते, घराला पाया असतो. बिऱ्हाड मात्र थाटतात, मांडतात आणि हलवतात. घर ही जागा आहे, तर बिऱ्हाड म्हणजे माणसे, त्यांची अंथरुणे, भांडीकुंडी आणि चूल यांचा असा मेळ की जो एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला तरी मोडत नाही. म्हणूनच म्हणीने विंचवाच्या पाठीवर ठेवले ते बिऱ्हाड, घर नव्हे. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला किंवा राजमाचीच्या परिसरात लहान मुलांसह तंबूत रात्र काढण्याची जी चाल शहरी मराठी कुटुंबांत अलीकडे रुळली आहे, तिच्याकडे सहसा हौस म्हणूनच पाहिले जाते, आणि ती हौस आहेही. परंतु डोक्यावर पक्के छप्पर असताना त्याच्याबाहेर झोपायला जाणे, आणि तेही ज्याला अंगावरचे पांघरूण नीट ओढून घेता येत नाही अशा जिवाला सोबत घेऊन, या गोष्टीचा विचार धर्मशास्त्रांनी फार पूर्वी केलेला आहे. घराबाहेर पडण्याला जर काही आध्यात्मिक मोल असेल, तर त्यात लहान मुलाची जागा कोणती, हा तो प्रश्न होय.

भारतीय परंपरेचे पहिले उत्तर असे की, तशी जागा नाहीच. संन्यास, म्हणजे सर्व गृहसंबंधांचा विधिपूर्वक त्याग, हा एकट्या प्रौढाचा मार्ग मानला गेला. ‘अनिकेत’ हा शब्द, ज्याचा अर्थ ‘ज्याला निश्चित निवासस्थान नाही तो’ असा होतो, भगवद्गीतेच्या 12 व्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत येतो आणि मनुस्मृतीच्या 6 व्या अध्यायात यतीच्या लक्षणांत येतो. पण त्याच मनुस्मृतीने वानप्रस्थाची, म्हणजे वनात राहायला जाण्याच्या आश्रमाची, वेळ सांगताना अंगावरच्या सुरकुत्या आणि पिकलेले केस यांच्या जोडीने नातवंडाचे दर्शन ही खूण दिली आहे. पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, अशी मुभा तेथे आहे. लहान मुलाला बरोबर न्यावे की नाही याचा उल्लेखही नाही, कारण त्या वेळेपावेतो घरात स्वतःचे लहान मूल उरलेलेच नसते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या कथेत तान्ह्या राहुलाचे निजलेले असणे हा शेवटचा अडसर आहे, आणि राहुल या नावाचा अर्थच परंपरा ‘बंधन’ असा लावते. थोडक्यात, या विचारात मूल म्हणजेच घर. मूल सोडले की घर सुटते आणि मूल सोबत असले तर माणूस रानात असला तरी घरातच आहे.

हे उत्तर वाटते तितके सरळ नाही, हे बौद्धांच्या विनयपिटकातील, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहातील, ‘महावग्ग’ या भागात आलेल्या एका प्रसंगावरून दिसते. राजगृहात उपाली नावाचा एक मुलगा होता (विनयधर म्हणून गाजलेला उपाली तो हा नव्हे). आपल्यामागे याचे कसे होईल, या काळजीने त्याचे आईबाप रात्री आपसांत बोलत होते. लिहायला शिकवावे तर बोटे दुखतील, हिशेब शिकवावा तर छाती दुखेल, नाणी पारखायला शिकवावे तर डोळ्यांना त्रास होईल. त्यापेक्षा हे शाक्यपुत्रीय श्रमण बरे, चांगले जेवतात आणि वाऱ्यापासून आडोशाला झोपतात. मुलाने ते ऐकले, आपल्या सोबत्यांना गोळा केले, आणि 17 मुलांनी मिळून प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून संघात प्रवेश, घेतली. भिक्षूंनी त्यांना उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुपदही, देऊन टाकले. पुढचा भाग ज्याने लहान मुलासह परक्या जागी रात्र काढली आहे त्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. रात्र सरता सरता मुले उठली आणि पेज द्या, भात द्या, काहीतरी खायला द्या म्हणून रडू लागली. थांबा, उजाडू दे, असेल तर मिळेल, नाही तर भिक्षा मागून आणल्यावर खाल, असे भिक्षूंनी समजावले. तरी रडणे थांबले नाही, आणि अंथरुणे ओली झाली, घाणही झाली.

बुद्धाने तो आवाज ऐकून आनंदाला विचारले आणि त्यातून नियम निघाला की, 20 वर्षांखालच्या व्यक्तीला उपसंपदा देऊ नये. नियमामागे दिलेले कारण तत्त्वज्ञानाचे नाही, उघड्यावरचे आहे: एवढ्या वयाच्या माणसाला थंडी, ऊन, भूक, तहान, डास, गोमाशा, वारा, सरपटणारे जीव आणि कठोर बोल सहन होत नाहीत. आज तंबू घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने सामानाची यादी करताना लिहून घ्यावी अशीच ही यादी आहे, फक्त कठोर बोलांवर बाजारात मलम मिळत नाही.

याच्या पाठोपाठ 15 वर्षांखालच्या मुलाला श्रामणेर, म्हणजे नवशिक्या, म्हणूनही घेऊ नये असा नियम झाला, आणि लगेच त्याला अपवादही निघाला. आनंदाला आधार देणारे एक कुटुंब साथीच्या रोगात गेले आणि मागे दोन लहान मुले उरली. भिक्षू दिसले की ती सवयीने त्यांच्याकडे धावत, आणि भिक्षूंनी दूर केले की रडत. त्यांना आश्रय द्यावा तर वय आड येते. तेव्हा बुद्धाने विचारले की, ही मुले कावळे हाकलू शकतात का? ती शकत होती, आणि 15 वर्षांखालचे मूलही कावळे हाकलण्याजोगे असेल तर त्याला घ्यावे, अशी मुभा मिळाली. ही कसोटी वाचताना मराठी वाचकाला चैत्र-वैशाखातली गच्ची आठवणे स्वाभाविक आहे, जिथे सांडगे, कुरडया आणि पापडांच्या वाळवणाशी हातात काठी देऊन बसवलेले मूल हे घरातले पहिले ‘कामाला आलेले’ मूल असते. वय वर्षांत मोजण्याऐवजी मुलाला काय करता येते यावर मोजण्याची ही रीत अत्यंत शहाणपणाची आहे. आणि अपवाद मुलाच्या योग्यतेपेक्षा त्याच्या पोरकेपणातून सुचला, हे त्याहून महत्त्वाचे. पुढे राहुलालाही प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाने, आधी मुलगा गेला आणि आता नातू, अशी आपली व्यथा बोलून दाखवली, आणि आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला घेऊ नये हा नियम त्यातून आला. घर सोडण्याच्या धर्माला घराची परवानगी घ्यावी लागली, ती मुलामुळे.

गृहत्यागाच्या या विचाराच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी एक अगदी निराळी परंपरा यहुदी धर्मात आहे. ‘सुक्कोत’ या सणात, ज्याला मराठी बायबलात ‘मांडवांचा सण’ म्हटले आहे, तिश्री महिन्याच्या 15 तारखेपासून 7 दिवस घराबाहेर उभारलेल्या तात्पुरत्या मांडवात, म्हणजे ‘सुक्का’त, राहावे अशी आज्ञा लेवीय या ग्रंथाच्या 23 व्या अध्यायात आहे. मिसर देशातून सुटलेल्या पूर्वजांना रानात मांडवांत राहावे लागले होते, त्याची आठवण पुढच्या पिढ्यांना राहावी, हे कारण आज्ञेतच दिलेले आहे. कोकणात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या आणि तेल गाळण्याच्या धंद्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजामुळे हा सण महाराष्ट्राला परका नाही. मात्र या सणाचे खरे वैचारिक वैभव त्याच्या नियमांत आहे, आणि ते नियम इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत आणि तिच्यावरील चर्चांच्या ‘तालमूद’ या महाग्रंथात आले आहेत.

मांडवाचे छत जमिनीतून उगवलेल्या आणि जमिनीपासून तोडलेल्या वस्तूंचेच हवे, म्हणजे फांद्या, बोरू, झावळ्या यांचे. धातूचा पत्रा किंवा कमावलेले कातडे चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली अधिक पडली पाहिजे. झाडाखाली बांधलेला मांडव निषिद्ध आहे, कारण मग आडोसा माणसाने केलेला राहत नाही. उंचीला 20 हातांची मर्यादा आहे, आणि तिच्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक असे की, त्याहून उंच बांधायचे तर भिंती पक्क्याच कराव्या लागतात, आणि आज्ञा पक्के घर सोडून कच्च्यात राहण्याची आहे. येथवर हा त्यागाचाच एक लहान, आठवडाभराचा अवतार वाटतो. पण त्याच तालमुदाने दुसरे तत्त्व असे ठेवले की, मांडवात ‘जसे घरी राहता तसे’ राहावे: चांगली भांडी, चांगली अंथरुणे तेथे न्यावीत, तेथेच जेवावे, झोपावे, गप्पा माराव्यात, अभ्यास करावा. त्याग करायचा तो भिंतींचा, संसाराचा नव्हे. मराठीत सांगायचे तर संन्याशी घर सोडतो. सुक्कोत पाळणारा घर सोडून बिऱ्हाड उचलतो, आणि बिऱ्हाड म्हटले की त्यात मूल आलेच.

मूल आले की पुन्हा तोच प्रश्न येतो. लहान मुलांवर मांडवात राहण्याचे बंधन नाही, परंतु ज्याला आईची गरज उरलेली नाही अशा मुलावर आहे, असे मिश्ना सांगते. आता आईची गरज उरली नाही हे ओळखायचे कसे? तालमुदात यावर दोन मते आहेत. एक मत यन्नाय या आचार्यांच्या पाठशाळेचे, की शौचाला गेल्यावर ज्याला आईने धुवावे-पुसावे लागत नाही ते मूल. दुसरे शिमोन बेन लाकीश यांचे, की झोपेतून जागे झाल्यावर जे ‘आई’ अशी हाक मारत नाही ते मूल. त्यावर तेथेच आक्षेप घेतला गेला की, अहो, मोठी माणसेही जागी होताना आईला हाक मारतात! ठेच लागली की साठीचा माणूसही ‘आई गं’ म्हणतो हे ज्यांच्या भाषेत घडते त्यांना हा आक्षेप लगेच पटावा. तेव्हा व्याख्या दुरुस्त झाली: जागे झाल्यावर जे मूल ‘आई, आई’ असा घोशा लावत नाही ते. 16 व्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेने याचा मेळ 5 ते 6 वर्षांच्या वयाशी घातला आहे.

या चर्चेचे मोल केवळ गमतीत नाही. आज्ञा ईश्वराची, इतिहास एका जनसमूहाच्या मुक्तीचा, आणि त्या आज्ञेची सीमा कुठे येते तर काळोखात जाग्या झालेल्या पोराच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या शब्दाशी. तंबूच्या कापडाआड जाग आलेल्या मुलाला छत ओळखीचे वाटत नाही, भिंत हाताला लागली तर ती हलते, बाहेर रातकिड्यांचा आवाज घरच्या पंख्याच्या आवाजासारखा एकसुरी असूनही धीर देणारा नसतो. अशा क्षणी ते ज्याला चाचपडते ते घर नसते, माणूस असते. आई हाताला लागली की ते पुन्हा झोपते, आणि त्या क्षणापुरती तंबूची जागा घर होते. शास्त्रकारांनी हे पाहिले होते, एरवी एवढी बारीक कसोटी त्यांना सुचली नसती.

मिश्नेने याला जोडूनच शम्माय या कडक आचार्यांची एक गोष्ट नोंदवली आहे. सणाच्या दिवसांत त्यांच्या सुनेला मुलगा झाला. बाळाला बाहेर नेणे शक्य नव्हते, आणि नियमाने ते आवश्यकही नव्हते. परंतु आपल्या नातवाने सण चुकवावा हे शम्माय यांना रुचेना. म्हणून त्यांनी खाटेच्या वरच्या छताचा गिलावा फोडला आणि उघड्या पडलेल्या जागेवर फांद्यांचे छत घातले. शास्त्रकारांनी ही गोष्ट सांगितली आहे, पण तिला सर्वांसाठी नियम केलेले नाही, आणि यातच त्यांचा विवेक दिसतो. शम्माय यांचा हट्ट पाहताना हसू येते, तरी त्यात एक नाजूक गोष्ट आहे: बाळाला उघड्यावर नेण्याऐवजी त्यांनी उघडे आभाळ बाळापाशी आणले. आपल्या श्रद्धेसाठी मोडायचेच तर मुलाची झोप न मोडता स्वतःचे छत मोडावे, एवढे त्या कडक म्हाताऱ्याला कळत होते.

मोठ्यांसाठीही या परंपरेत एक अट आहे, जी आजच्या शिबिरवाल्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्याला मांडवात राहणे त्रासाचे होते त्याच्यावर मांडवाचे बंधन नाही. पाऊस आला तर आत केव्हा जावे? लापशी बिघडेल इतका पाऊस पडू लागला की, असे मिश्ना सांगते; राजगृहातल्या मुलांची पेज आणि मांडवातली लापशी, दोन्हीकडे कायद्याचे माप अखेर भांड्यातल्या अन्नावर येऊन ठरले आहे. पुढच्या काळातल्या शास्त्रकारांनी तर असेही म्हटले की, पावसामुळे सूट मिळालेली असताना जो हट्टाने मांडवात बसून राहतो त्याला पुण्य नाही, तो केवळ अडाणी. व्रत आणि यातना यांत फरक आहे, आणि तो कुठे सुरू होतो हे सांगणे धर्माचे काम आहे, असा यामागचा विचार दिसतो. भर श्रावणात, निसरड्या शिड्यांवरून, 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाठीच्या झोळीत दोन वर्षांचे मूल बांधून नेणारे पालक कोणत्याही शास्त्राने बांधलेले नसतात, आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण परत फिरण्याची सूटही त्यांना कोणी दिलेली नसते. शिखरावरचे छायाचित्र हे त्यांचे व्रत झालेले असते आणि त्या व्रताला लापशीचा नियम नाही.

मराठी परंपरेत मुलांसह उघड्यावर काढलेल्या रात्रीची सर्वांत प्रसिद्ध कथा त्र्यंबकेश्वरची आहे. संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात परतलेले विठ्ठलपंत, पत्नी रुक्मिणीबाई आणि लेकरे यांच्यासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रात्री वाघ समोर आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि नाथपंथाचा जो उपदेश मिळाला तो पुढे ज्ञानदेवांपर्यंत पोचला, असे परंपरा सांगते. आजही श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, सहस्रावधी लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात, पुष्कळसे रात्रीच निघतात, आणि लहान फेरीही सुमारे 20 किलोमीटरांची असल्याने पहाटेपर्यंत बापांच्या खांद्यांवर झोपलेली पोरे दिसतात.

या कथेचे भाष्य सामान्यतः गुरुकृपेच्या अंगाने केले जाते: पालकांना जो अपघात वाटला तो मुलासाठी योग होता. हे भाष्य मान्य केले तरी एक उणीव राहतेच. मुलगा परत मिळेपर्यंत रुक्मिणीबाईंनी काळ कसा काढला, याबद्दल कथा जवळजवळ मुकी आहे. राजगृहाच्या कथेत मुले रडतात आणि नियम बदलतो. ब्रह्मगिरीच्या कथेत आई रडली असणारच, परंतु तिच्या रडण्याने काही बदलले नाही. अपघातामागे ईश्वरी योजना पाहणारे तत्त्वज्ञान नंतर, सारे सुखरूप झाल्यावर, पटते. वाट चुकलेल्या पोराला अंधारात हाका मारताना ते कोणाच्याही कामी येत नाही, आणि म्हणून मुलांसह रानात जाण्याचे समर्थन त्यावर उभारता येत नाही. त्यापेक्षा विठ्ठलपंतांच्या चरित्रातली दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. समाजाने त्यांना बहिष्कृत केले ते घर सोडल्याबद्दल नव्हे, घरी परतल्याबद्दल. जाणारा पूज्य, परतणारा पतित, आणि त्याची मुले ‘संन्याशाची पोरे’. घराबाहेर जाणे आणि परत येणे या दोन्हींना एकत्र सामावील असा कप्पाच त्या काळच्या धर्मशास्त्राकडे नव्हता.

तो कप्पा महाराष्ट्रात तयार झाला तो शास्त्राने नव्हे, रूढीने. ‘वारी’ या शब्दातच पुनःपुन्हा जाणे-येणे आहे. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरीला जाणारा आणि वाटेत राहुटीत, म्हणजे दिंडीच्या तंबूत, मुक्काम करणारा वारकरी संन्यासी होत नाही, एकादशी झाली की तो पेरलेल्या शेताकडे परततो. सगळी वाट चालणारी लहान मुले थोडी, पण एखाददुसऱ्या मुक्कामापुरती मुलांना सोबत नेण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. दुसरी, अधिक सौम्य रूढी आवळीभोजनाची. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत कुटुंबाने किंवा आळीने मिळून एखाद्या बागेत जावे, आवळ्याच्या झाडाची पूजा करावी, तीन दगडांची चूल मांडून तेथेच स्वयंपाक करावा आणि झाडाखाली पंगत बसवावी. सुक्कोतला निषिद्ध ते येथे मुख्य: आडोसा माणसाने करायचा नाही, तो झाडाकडून घ्यायचा. मुलांकडून काही मागितले जात नाही; त्यांनी पळावे, तुरट आवळा खाऊन वर पाणी प्यावे आणि ते गोड लागते याचे नवल करावे. पाऊस संपलेला, थंडी अजून बोचरी नाही, आणि दिवेलागणीपूर्वी सारे घरी. आवळीभोजनाला रात्र नाही, म्हणून तेथे रात्रीच्या हाकेचा प्रश्नही उद्भवत नाही. प्रश्न टाळून सोडवण्याची ही घरगुती रीत शास्त्रार्थाच्या तोडीची नसली तरी मुलांच्या सोयीची आहे, हे कबूल करावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे. 12 व्या शतकातले तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन यांनी मांडवात राहण्याचे प्रयोजन असे सांगितले की, सुखाच्या दिवसांत दुःखाचे दिवस आठवावेत, म्हणजे माणूस नम्र राहतो. धान्य घरात आलेले, पोट भरलेले, अशा वेळी पक्क्या घरातून बाहेर पडून गळक्या छताखाली बसायचे ते यासाठी. हे प्रयोजन मानले तर मुलाची जागा गौण न राहता मध्यवर्ती होते, कारण आठवण ज्याला द्यायची तोच तर मूल आहे. ज्या रानातल्या प्रवासाची ही आठवण, त्याची बायबलातली कथाही मुलांचीच आहे: आपली पोरे शत्रूंची लूट होतील या भयाने मोठ्यांनी पुढे जायला नकार दिला, आणि शिक्षा अशी झाली की 20 वर्षांचे व त्यावरचे सारे, दोघांचा अपवाद सोडून, 40 वर्षांत रानातच संपले व ज्यांच्यासाठी भय होते ती मुलेच वचनाच्या देशात पोचली. (संघाच्या नियमातही 20 आणि येथेही 20, हा योगायोगच म्हणावा.) तेव्हा मुलासह तंबूत राहणे म्हणजे त्यागाची तालीम नव्हे, आणि निव्वळ सहलही नव्हे. घर ज्या वस्तूंमुळे उभे आहे असे वाटते त्या काढून घेतल्या तरी काय उरते, हे मुलाला आठवडाभर किंवा एक रात्र दाखवण्याची ती रीत आहे. आणि ते दाखवता येते ते एकाच अटीवर, की परतण्याचे घर शाबूत आहे आणि लापशी बिघडू लागली तर आत जाता येते.

ती अट ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांना बाजूला ठेवून हा विचार पुरा करता येत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर, नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ मोजणाऱ्या पद्धतीने उचल घेऊन, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, आणि ट्रकमध्ये भांडी, धान्य, कोंबड्या व लेकरे असे अख्खे बिऱ्हाड चढवलेले असते. गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, त्यांचा मुक्काम ‘कोपी’त असतो. कोपी म्हणजे बांबू वाकवून, त्यांवर उसाचे पाचट किंवा चटया आणि वर प्लास्टिकचा कागद टाकून केलेली, वाकून शिरावे लागणारी झोपडी. छत जमिनीतून उगवलेले आहे, जमिनीपासून तोडलेले आहे, आत उन्हापेक्षा सावली अधिक आहे, भिंती कच्च्या आहेत; वरचा प्लास्टिकचा कागद काढला तर मांडवाच्या बहुतेक अटींना कोपी उतरेल. एक अट मात्र तिला लागू नाही. ज्याला त्रास होतो त्याला सूट आहे, हे तेथे सांगणारे कोणी नाही, आणि अवकाळी पावसात लापशी बिघडली तरी आत जायला दुसरे घर जवळ नाही. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या.

पवनेकाठच्या तंबूत आणि या कोपीत मूल एकाच प्रकारे जागे होते आणि एकच शब्द उच्चारते. तंबूत त्या शब्दाला उत्तर देणारी वीतभर अंतरावर निजलेली असते. कोपीत, ऊस तोडून मोळ्या वेळेत भरायच्या म्हणून आई पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली असते, आणि त्या हाकेला ओ देते ती सात-आठ वर्षांची बहीण.